लोखंडही थकते



येवल्याच्या स्टेशनावर उभे राहिले म्हणजे एका बाजूला मनमाड आणि दुसऱ्या बाजूला कोपरगाव, पुणतांबे, नगर, दौंड. हा दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. तो काळ मोठ्या दुष्काळाचा. पोटासाठी घर सोडून आलेल्या माणसांनी या मार्गाच्या भरावावर माती टाकली. दौंडला पोचेपर्यंत गाडी गोदावरी, प्रवरा, मुळा आणि भीमा या नद्या ओलांडते. लोखंडी पुलावर गाडी शिरली की तिचा आवाज बदलतो, आपण नदीला हात जोडतो. पण ज्या लोखंडाने आपल्याला तोलून धरलेले असते, त्याच्याकडे आपले लक्ष नसते. आज त्याच्याविषयीच थोडे सांगायचे आहे.

लोखंड थकते, असे कुणी म्हटले तर तुम्हांला हसू येईल. पण विहिरीवरच्या बादलीची कडी आठवा बरे. ती ज्या दिवशी तुटली, त्या दिवशी बादलीत काही जास्त पाणी नव्हते. रोजचेच होते. गुरुजींनी वर्गात एक तार घ्यावी. ओढून ती तुटणार नाही. पण एकाच जागी इकडून तिकडे वाकवीत राहिले, तर थोड्या वेळात तिचे दोन तुकडे होतात. ओझे थोडे, पण ते पुन्हा पुन्हा आले. याचेच नाव थकवा.

ही गोष्ट माणसाला फार महाग पडून कळली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आख मोडला. डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. रोज तेवढेच ओझे वाहणारा आख त्याच दिवशी का मोडावा? या कोड्यामागे पुढे ऑगस्ट व्होलर नावाचा जर्मन रेल्वे इंजिनिअर लागला. त्याने यंत्रावर आख बसवून ते लाखो वेळा फिरविले. १८७० पर्यंत त्याचे निष्कर्ष छापून झाले, म्हणजे आपला मार्ग सुरू होण्याच्या ८ वर्षे आधी. त्याने दाखविले, की किती मोठा ताण आला एवढेच पाहून भागत नाही. तो किती वेळा आला हेही मोजावे लागते.

आता पुलाकडे या. चाक वरून गेले की तुळई किंचित लवते आणि पुन्हा वर येते. दिवसाला २० गाड्या धरल्या तर वर्षाला ७,३०० होतात, ५० वर्षांत ३,६५,०००. एखाद्या रिव्हेटच्या भोकाच्या कडेला, सांध्याच्या कोपऱ्यात किंवा गंजाने पडलेल्या खळग्यात केसाएवढी चीर पडते. प्रत्येक गाडीबरोबर ती तिळातिळाने पुढे सरकते. गंज तिला आणखी वाट करून देतो.

म्हणून पुलाला देखभाल लागते. रिव्हेटच्या एका बाजूला बोट ठेवून दुसऱ्या बाजूने हातोडी मारतात. रिव्हेट सैल असेल तर बोटाला धक्का कळतो. रंगावर तांबडी बारीक रेघ दिसली, तर खाली चीर आहे की काय, हे भिंग लावून पाहतात. चीर सापडली की तिच्या टोकाशी गोल भोक पाडतात. ऐकून नवल वाटेल, पण ताण टोकदार जागी गोळा होतो. गोल भोकाने टोक नाहीसे होते आणि चीर तिथे थबकते. मग कायमची दुरुस्ती करतात. गंज लागू नये म्हणून पूर्वी लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत. मारुतीला लावतात तोच शेंदूर बरं का! आणि येवल्याच्या शेजारी मनमाडला तर रेल्वेचा पुलांचे गर्डर बनविणारा कारखानाच आहे.

देखभालीत चूक झाली तर काय होते? १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरचा ३९ वर्षांचा ‘सिल्व्हर ब्रिज’ संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. ४६ माणसे गेली. मूळ कारण होते एका पोलादी पट्टीच्या डोळ्यातली सुमारे अडीच मिलिमीटरची चीर. ती अशा जागी होती, की सांधा उकलल्याशिवाय दिसणेच शक्य नव्हते. त्यानंतर त्या देशात पुलांच्या तपासणीचा कायदा झाला.

एवढे लांब तरी कशाला जावे? १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली पडला आणि चार जण मरण पावले. तिथे गंज होता, गर्दी होती आणि पूल धोक्याचा आहे हे आधी ठाऊकही होते.

मंडळी, लोखंड बहुधा मुकाट्याने तुटत नाही. गंजाचा ओघळ, सुटलेला बोल्ट, पाऊल टाकताच वाजणारा पत्रा, ही त्याचीच बोलणी. तुमच्या ओढ्यावरच्या साकवावर असे काही दिसले तर ग्रामपंचायतीला आणि बांधकाम खात्याला लेखी कळवा, तारीख घाला, पोच घ्या. रेल्वेचा पूल असेल तर स्टेशन मास्तरांना सांगा. आणि धोक्याची पाटी लागलेल्या पुलावर ‘आजवर काही झाले नाही’ म्हणून पाऊल टाकू नका. बादलीची कडीसुद्धा आदल्या दिवसापर्यंत शाबूतच होती.