एक जहाज, चार नावे

"आपले पूर्वज कुठल्या जहाजाने आले?" हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो. मुंबईहून आपल्या लोकांना पोर्ट लुईला आणणारी कित्येक जहाजे एरवी माल वाहत. आत फळ्या ठोकल्या की मालाच्या जागी माणसे. मग मी मुलांना एका अमेरिकन जहाजाची गोष्ट सांगते, कारण त्याचीही जात मालवाहूच.

१९४० साली पेनसिल्व्हेनियातील चेस्टर येथे 'मॉरमॅकमेल' पाण्यात उतरले. पुढच्या वर्षी नौदलाने ते घेतले आणि तीन महिन्यांत त्यावर विमानांसाठी सपाट डेक चढवला. नाव ठेवले 'लाँग आयलंड'. २० ऑगस्ट १९४२ रोजी त्यावरून ३१ विमाने ग्वाडलकॅनाल बेटावर गेली. युद्धानंतर ते भंगारात विकले, पण मोडले नाही. १९४९ मध्ये त्याच सांगाड्यात माणसांच्या झोपण्या-जेवण्याची सोय करून 'नेली' निघाली. युद्धात घरदार गेलेल्या युरोपीय कुटुंबांना तिने ऑस्ट्रेलियाला पोचवले. १९५३ मध्ये ती 'सेव्हन सीज' झाली. पुढे रॉटरडॅममध्ये विद्यार्थ्यांचे वसतिगृह, आणि १९७७ मध्ये बेल्जियममध्ये मोडतोड.

इतकी नावे ऐकून मुले हसतात. आपल्या माणसांची नावे तरी कुठे धड राहिली? कारकुनाने ऐकली तशी लिहिली. पण नोंदवहीत प्रत्येकाचा नंबर आहे, जहाजाचे नावही आहे. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या वह्या जपल्या आहेत. घरात आजोबांचा जुना कागद असेल, तर नंबर उतरवून घेऊन जा.