नळी बदलली, नाव बदलले

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे ली-एनफील्ड रायफल. .३०३ हा आकडा तिच्या नळीच्या व्यासाचा, इंचांतला. नावातला ‘एनफील्ड’ मात्र नळी बदलावी लागल्यामुळे आला.

१८८८ साली ब्रिटिश लष्कराने स्वीकारली ती ली-मेटफर्ड. बोल्ट आणि मॅगझिन जेम्स पॅरिस ली यांचे. नळीच्या आतल्या सर्पिल खाचा विल्यम एलिस मेटफर्ड यांच्या. काळ्या दारूची काजळी नळीत साचे, म्हणून त्यांनी सात उथळ, गोलसर कडांच्या खाचा ठेवल्या. त्या साफ करायला सोप्या. पण थोड्याच वर्षांत काडतुसात कॉर्डाइट आले. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. धूर जवळजवळ नाहीसा झाला, पण त्या प्रखर उष्णतेने उथळ खाचा लवकर झिजत आणि नेम बिघडे.

तेव्हा बोल्ट आणि मॅगझिन तसेच ठेवून एनफील्डच्या सरकारी कारखान्याने पाच खोल, चौकोनी कडांच्या खाचांची नळी बसवली. १८९५ मध्ये रायफल ली-एनफील्ड झाली. पुढे १९०१ साली सुधारित कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीनही ३० टक्क्यांवर आणले गेले.

मेटफर्ड यांचे गणित चुकले नव्हते. ज्या दारूसाठी ते मांडले होते, ती दारूच मागे पडली. शस्त्रांचा इतिहास आपण शोधकांच्या नावांनी सांगतो; इथे मात्र काडतुसातल्या रसायनाने एका शोधकाचे नाव पुसले. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात पुढे बनलेल्या रायफलींनीही एनफील्डचेच नाव चालवले.