मिलिंद तेलतुंबडे आणि एटापल्लीचें अरण्य

चांदा हें जुनें नांव ज्यांच्या कानांत अद्याप आहे अशा वाचकांस एटापल्ली म्हटलें म्हणजे सागबांबूचें रान, माडिया गोंडांचे पाडे आणि पावसाळ्यांत तुटणारी वाट एवढेंच आठवेल. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला तो १९८२ सालीं. परंतु या मुलखाचा एक निराळा इतिहास त्यापूर्वींच सुरू झाला होता. १९८० मध्यें आंध्रांत कोंडापल्ली सीतारामय्या यांनीं ‘पीपल्स वॉर’ हा पक्ष स्थापिला व त्याचीं लहान पथकें नद्या ओलांडून इकडे आलीं. त्यांतील पेद्दी शंकर हा बेल्लमपल्लीच्या कोळसाखाणींच्या भागांतला तरुण त्याच वर्षाच्या २ नोव्हेंबर रोजीं सिरोंचा भागांत मोयाबिनपेटा येथें पोलिसांच्या गोळीनें पडला.

एक्केचाळीस वर्षांनीं याच जिल्ह्यांत मारले गेलेले मिलिंद तेलतुंबडे हेही कोळशाच्याच मुलखांतले. हा आम्हांस नुसता योगायोग वाटत नाहीं. खाणकामगार संप जाणतो, मजुरीचा हिशेब जाणतो, एकजुटीची किंमत जाणतो. हीच विद्या प्रारंभीं अरण्यांत उपयोगी पडली. तेंदूपानांच्या पुड्यांचा दर आणि बांबूतोडीची मजुरी ठेकेदार ठरवील ती, अशी जेथें वहिवाट होती, तेथें ती वाढवून मिळाली. वनरक्षकाची दहशत उणावली. गोंडांनीं या परक्या माणसांस घरांत घेतलें तें मार्क्स वाचून नव्हे.

तेलतुंबडे यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यांतील वणी तालुक्यांत राजूर येथें, दलित शेतमजुराच्या घरीं झाला. वडील बंधु आनंद हे उच्च शिक्षण घेऊन नामांकित विद्वान झाले, बाबासाहेब आंबेडकरांच्या नातीशीं त्यांचा विवाह झाला. मिलिंद औद्योगिक शिक्षण घेऊन वेस्टर्न कोलफील्ड्सच्या नोकरींत शिरले आणि कामगारसंघटनेंतून हळूहळू भूमिगत राजकारणाकडे वळले. पुढें ते माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीवर गेले. महाराष्ट्र, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमाभागाचें नेतृत्व त्यांजकडे आलें. सरकारनें त्यांच्या शिरावर पन्नास लाखांचें बक्षीस लाविलें होतें.

त्यांच्या धैर्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्या दिवशीं खाणीचें फाटक सोडून त्यांनीं बंदुकीची वाट धरिली, त्याच दिवशीं त्यांच्या हातचें खरें बळ सुटलें, असें आमचें मत आहे. बंदुकीस गुप्तता लागते, आणि गुप्ततेस संशय. मग ‘खबऱ्या’ म्हणून गांवकरीच मारले जाऊं लागले. ज्यांच्या मजुरीसाठीं लढा उभारला, त्यांच्याच घरांत सुतक आलें. दुसऱ्या बाजूसही तोच प्रकार. एटापल्ली तालुक्यांतील कसनासूरच्या भागांत एप्रिल २०१८ मध्यें चाळीस माणसें पडलीं. त्यांत गट्टेपल्लीचीं लग्नास निघालेलीं मुलें होतीं, असें गांवकऱ्यांचें म्हणणें.

१३ नोव्हेंबर २०२१ रोजीं, एटापल्लीच्या पुष्कळ उत्तरेस, मर्दिनटोल्याच्या रानांत दिवसभर गोळीबार चालला. तेलतुंबडे व त्यांच्यासह पंचवीस जण ठार झाले. समोर होतें सी-६० दल. त्यांतही याच जिल्ह्यांतले तरुण, कित्येक गोंडच. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तेवढें एकच नांव आलें. त्या वेळीं आनंद हे एल्गार परिषदेच्या खटल्यांत तळोजाच्या तुरुंगांत होते. आंबेडकर जयंतीच्या दिवशीं, १४ एप्रिल २०२० रोजीं, त्यांस अटक झाली होती. मुंबई उच्च न्यायालयानें त्यांस जामीन दिला तो नोव्हेंबर २०२२ मध्यें.

एटापल्लीच्या सुरजागड डोंगरावरील लोहखनिजाच्या ठेक्यास माओवाद्यांनीं वर्षानुवर्षें विरोध केला. डिसेंबर २०१६ मध्यें तेथें पाऊणशेंहून अधिक वाहनें जाळलीं. खाणकाम खऱ्या अर्थानें सुरू झालें तें २०२१ मध्येंच. ऑक्टोबर २०२५ मध्यें भूपति ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनींही साठ साथीदारांसह गडचिरोलीस शस्त्रें खालीं ठेविलीं. आतां ठाकूरदेवाच्या त्या डोंगरावर यंत्रें चालतात, आणि मजुरीचा, हजेरीचा व अपघाताच्या भरपाईचा जो प्रश्न तेथें उभा आहे, तो कोळशाच्या खाणींत उमेदवारी केलेल्या माणसाच्या पूर्ण परिचयाचा होता.