कंसवाल्यांची सभा

२०२०च्या फेब्रुवारीत पुण्यात क्लोजर या संगणकभाषेची देशपातळीवरची परिषद भरली. ‘इन-क्लोजर’ हे तिचं नाव. त्याआधी ती बेंगळुरूला व्हायची. पुण्यात जमलेल्या पोरापोरींना कुणी विचारलं असतं की ही विद्या आपल्या शहरात कधी आली, तर बहुतेकांनी हेल्पशिफ्ट या कंपनीचं नाव घेतलं असतं आणि साल २०११च्या आसपासचं सांगितलं असतं. हेल्पशिफ्टचे एक संस्थापक बैशंपायन घोष यांनी क्लोजरवर सगळा डोलारा उभा केला, पुण्यात त्या भाषेत काम करणाऱ्यांची एक पिढी घडवली, हे खरंच आहे. पण माझं म्हणणं असं, की परिषद ही शेवटी येते. तिच्याआधी तीस-पस्तीस वर्षं कुणीतरी कुठल्यातरी खोलीत फळ्यावर तेच लिहीत बसलेलं असतं, आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

मी दौंडचा. वडील रेल्वेत, शिक्षण पुण्याला, नोकरी शिरूरला एका कॉलेजात संगणक शिकवण्याची. पुण्यातल्या या मंडळींच्या वर्तुळात मी कधीच नव्हतो, काठावर होतो. काठावरच्याला एक सोय असते, कोण कोणाच्या आधी आलं होतं हे त्याच्या लक्षात राहतं.

क्लोजर ज्यातली, ते फंक्शनल भाषांचं घराणं फार जुनं आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८मध्ये एमआयटीत लिस्प ही भाषा आखायला घेतली आणि १९६०मध्ये तिच्यावरचा निबंध छापला. तिच्याहून जुनी आणि अजून वापरात असलेली भाषा म्हणजे फोरट्रान. लिस्पमध्ये सगळं कंसात. बेरीज करायची तर (+ २ ३ ५) असं लिहायचं, म्हणजे आधी क्रिया आणि मग माल. दोन आकडे असोत की वीस, अधिकचं चिन्ह एकदाच. कार्यक्रमसुद्धा कंसातली यादी आणि त्याला दिलेली माहितीसुद्धा कंसातली यादी, म्हणून कार्यक्रमच कार्यक्रम लिहू शकतो. पुढे १९७५मध्ये स्कीम आली, २००७मध्ये रिच हिकी यांनी जावाच्या यंत्रणेवर चालणारी क्लोजर आणली. एडिंबरात रॉबिन मिल्नर यांनी काढलेली एमएल, तिच्या वाटेने आलेली हॅस्केल, ही भावकीतली दुसरी शाखा. तिथे कंस कमी, शिस्त जास्त.

शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे वर्गात लिस्पची यादी समजावताना मला दौंड स्टेशन फळ्यावर काढावं लागायचं. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून मागच्या टोकाला जाऊन लागतं आणि गाडी उलट्या तोंडाने नगरकडे निघते. (आता कॉर्ड लाइन झाली, पुष्कळ गाड्या बाहेरच्या बाहेर जातात.) यादीलाही असंच एक तोंड असतं. तोंडाशी नवा डबा लावणं एका झटक्याचं काम. शेपटीला लावायचा तर पहिल्या डब्यापासून शेवटपर्यंत चालत जा. त्यात या घराण्याचा दंडक असा, की उभी असलेली गाडी मोडायची नाही, कारण दुसरं कुणी तीच गाडी वापरत असेल. मग शेपटीला एक डबा लावण्यासाठी आधीचे सगळे डबे नव्याने बांधावे लागतात. तोंडाशी लावला तर मात्र जुनी गाडी जशीच्या तशी नव्या डब्याच्या मागे उभी. पोरं विचारायची, “सर, मग शेपटीला डबा लावायचाच कशाला?” हा प्रश्न आला की माझा अर्धा तास झाला. उत्तर असं, की यादी उलटी बांधत जायची आणि शेवटी एकदाच फिरवायची, दौंडला फिरवतात तशी.

या भाषांच्या परिषदा परदेशात १९८०पासून नियमाने भरू लागल्या. पहिली ‘लिस्प परिषद’ स्टॅनफर्डला झाली, नंतर दर दोन वर्षांनी जागा बदलत ती फिरत राहिली. मधल्या वर्षांत भरणारी एक वेगळी परिषद होती. १९९६मध्ये फिलाडेल्फियाला दोन्ही एकत्र झाल्या आणि ‘आयसीएफपी’ ही वार्षिक सभा सुरू झाली.

आणि पुणे? १९८१मध्ये इथे टाटांचं संगणक-संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, सुरू झालं. आधी मंगलदास रोडला, पुढे हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. केशव नोरी हे तिथले एक आधारस्तंभ. त्यांचं नाव जगात पास्कलशी जोडलेलं आहे. झुरिकला निक्लाउस विर्थ यांच्याकडे ज्या चमूने पास्कलचा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगा कंपायलर बांधला, त्यात ते होते. १९८१मध्येच बेंगळुरूला एफएसटीटीसीएस ही सैद्धांतिक संगणनशास्त्राची परिषद सुरू झाली होती. तिचं सातवं अधिवेशन १७ ते १९ डिसेंबर १९८७ला पुण्यात भरलं. आठवंही पुण्यातच, २१ ते २३ डिसेंबर १९८८. सातव्याचे निबंध नोरींनी संपादित केले, जर्मनीच्या श्प्रिंगरने छापले. ही काही फंक्शनल भाषांची सभा नव्हती. पण कार्यक्रमाचा नेमका अर्थ काय, एखाद्या पदाचा प्रकार काय, कार्यक्रम बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं, या गोष्टी या घराण्याच्या मुळाशी आहेत, आणि त्या पुण्यात लागोपाठ दोन डिसेंबर चर्चेला होत्या. इन-क्लोजर तेव्हा बत्तीस वर्षं दूर होती.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात रुस्तम मोदी शिकवत होते. १९९१मध्ये अमेरिकेच्या एसीएम संस्थेच्या शिक्षणविषयक पत्रिकेत त्यांचा निबंध आला. विषय होता, शिकवण्याची पहिली भाषा म्हणून सी कशी नडते. त्या काळी हे लिहिणं म्हणजे धाडसच होतं, कारण सी येतं का, एवढं विचारून नोकरी मिळत होती. मार्क जोन्स यांनी १९९१च्या सुमारास गोफर ही हॅस्केलची लहान बोली तयार केली होती. साध्या पीसीवर चालेल इतकी आटोपशीर. मोदींनी तिच्यात शिकवण्याच्या सोयीने फेरफार केले आणि पुणे विद्यापीठाची म्हणून तिचं नाव पडलं ‘पुगोफर’. मला हे नाव फार आवडतं. पुण्याने जगाच्या संगणकविद्येत स्वतःच्या अक्षरांनी घातलेली भर म्हणून एखादी कोनशिला बसवावी अशी ती गोष्ट आहे, पण कोनशिला पुलांना आणि संडासांना बसतात.

मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. माझ्यापर्यंत हे सगळं मित्राच्या वहीतून आलं, दौंड शटलमध्ये. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी इथपर्यंत उभ्याने जायचं. यवतला जागा व्हायची, मग वही मांडीवर. समोर चौघांचा पत्त्यांचा डाव आणि बाजूला रिकाम्या कॅनवाले. वहीत यादीची बेरीज करणारा कार्यक्रम दोन ओळींचा होता. रिकामी यादी असेल तर शून्य, नाहीतर पहिला आकडा अधिक उरलेल्यांची बेरीज. लूप नाही, मोजणारा चल नाही. केडगाव येईपर्यंत मला वाटत होतं की लिहिताना मित्राच्या काही ओळी राहिल्या असणार. पाटसच्या पुढे कुठेतरी कळलं की काहीही राहिलेलं नाही.

२०००नंतर खोली बदलली. मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत पुण्याच्या लिनक्सवाल्यांच्या, म्हणजे ‘प्लग’च्या, बैठका भरत. दर वर्षी ‘ग्नूनिफाय’ हा त्यांचा मोठा मेळावाही तिथेच. विषय लिनक्सचा असला तरी ईमॅक्स हा संपादक वापरणारे पुष्कळ, आणि ईमॅक्सचा बराचसा भाग लिस्पमध्येच लिहिलेला. आपल्याला हवं तसं वळण द्यायला ही मंडळी दोन-चार कंस लिहायची आणि त्यातून लिस्पला लागायची. अप्पा बळवंत चौकात एबलसन आणि ससमन यांच्या स्कीमवरच्या पुस्तकाची हैदराबादची स्वस्त आवृत्ती मिळू लागली, त्याचाही हातभार लागला. संध्याकाळच्या शटलमुळे मला प्रत्येक बैठकीतून अर्ध्यातून उठावं लागायचं. शिरूरच्यांची चैन. शिवाजीनगरहून त्यांना उशिरापर्यंत एसटी मिळायची, म्हणून चर्चेत भांडण कुणाचं झालं हे मला दुसऱ्या दिवशी शिरूरात कळायचं.

शिरूर तालुक्याचा स्वतःचा एक धागा आहे, आणि तो थेट एमआयटीला जातो. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते एका दुष्काळी गावात येऊन राहिले. मुलांनी हाताने काम करत शिकावं हा त्यांचा आग्रह. सीमोर पॅपर्ट यांचंही तेच म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६७मध्ये लोगो ही मुलांची भाषा केली होती. ती लिस्पचीच लेक. कलबागांच्या हयातीत, २००२मध्ये, एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांच्या मदतीने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबांपैकी ती एक. २००३मध्ये कलबाग गेले. २००९च्या ऑगस्टमध्ये फॅब लॅबवाल्यांची पाचवी जागतिक परिषद पुण्यात भरली, ती पाबळमुळे. शहरात आयटी कंपन्या होत्याच, पण जगातली माणसं आली ती एका खेड्यातल्या लॅबमुळे, हे मला अजून कौतुकाचं वाटतं. त्याच महिन्यात पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला होता आणि अर्धं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. २०२०चं तसंच. क्लोजरची परिषद झाली आणि ९ मार्चला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले. पुण्यात मोठी सभा घेणाऱ्यांनी आधी महापालिकेच्या आरोग्य खात्याला विचारावं.

आता फंक्शनल भाषांच्या कल्पनांना स्वतंत्र सभेची गरज किती राहिली, मला शंका आहे. २०१४मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, आली. पायथनमध्ये ती आधीपासून होती. जावास्क्रिप्ट लिहिणारा प्रत्येक जण दिवसातून दहा वेळा फंक्शनला फंक्शन देतो. पण पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी अजून सी, म्हणजे १९९१ची तक्रार जिथल्या तिथे. आमच्या मुलांना लॅम्डा ‘जावाची नवी सोय’ म्हणून नेमलेली आहे. मी तो तास १९५८पासून सुरू करतो, मध्ये पुगोफरही येतो. परीक्षेत त्याला गुण नाहीत, म्हणून मागच्या बाकावरचे तेवढ्या वेळात डबा खाऊन घेतात.