‘मूक’ वर्गाचा आरंभ

महाजालावरून सर्वांस खुला असलेला विद्यापीठीय वर्ग, ज्यास आंग्ल आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात, तो इ. स. २०११ त अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जन्मला, असा समज रूढ आहे. तो साधार नाहीं. हें नांव २००८ सालीं डेव्ह कॉर्मिए यांनीं सुचविलें, तें कॅनडांतील मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका वर्गास उद्देशून. जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स हे त्याचे चालक. शुल्क देणारे विद्यार्थी सुमारें २५, विनाशुल्क सामील झालेले २,००० हून अधिक. विद्यार्थ्यांनीं आपापल्या अनुदिनींत लिहावें व चालकांनीं तें लेखन संकलित करून रोज सर्वांस धाडावें, ही तेथील रीति. मराठी कानास ‘मूक’ शब्द विपरीत वाटेल. त्या वर्गांत बोलणें विद्यार्थ्यांचेंच होतें!

स्टॅनफर्डचा प्रकार निराळा. सेबास्टियन थ्रुन व पीटर नॉर्विग यांच्या वर्गांत सुमारें १,६०,००० नांवें नोंदलीं गेलीं. व्याख्यानें चित्रफितींतून, उत्तरांची तपासणी यंत्राकडे. संख्येनें डोळे दिपले आणि दोन भिन्न पद्धति एकाच नांवाखालीं गणल्या गेल्या, हें आमच्या मतें या घोटाळ्याचें मूळ. न्यूयॉर्क टाइम्सनें २०१२ हें ‘मूकांचें वर्ष’ ठरविलें, तें या दुसऱ्या पद्धतीकडे पाहून.