बदलत्या पत्त्यांची गोष्ट

घरचा मोडेम बंद करून चालू केला की बऱ्याचदा आपला आयपी पत्ता बदलतो. घरी सर्व्हर चालवणाऱ्याला ही डोकेदुखीच. आज एक पत्ता, उद्या दुसरा, लोकांनी शोधायचं कुठे? पण सेन्सॉरशिपशी लढताना नेमका हाच दोष कामाला आला.

टॉरचं जाळं सुरू झालं २००२ साली. स्वयंसेवकांच्या तीन संगणकांवरून टप्पे घेत जायचं, म्हणजे कोण काय वाचतंय ते कळणं अवघड. गोम एवढीच की या संगणकांची यादी जाहीर असते. सप्टेंबर २००९ मध्ये चीनने ती यादी घेतली आणि पत्ते अडवले. मग भिस्त आली यादीबाहेरच्या 'ब्रिज'वर. पण गरजूंना पत्ता द्यायचा तर सरकारी माणूसही गरजू बनून तो मागणारच! २०१० मध्ये त्यातलेही बरेच अडवले गेले.

२०१२ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड फिफिल्ड आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला. पत्ते लपवायचेच कशाला? इतके वापरू आणि इतक्या लवकर बदलू, की अडवणारा थकेल. स्वयंसेवकाने ब्राउझरमध्ये एक पान उघडं ठेवायचं, तेवढ्यापुरता त्याचा संगणक पूल. हा 'फ्लॅश प्रॉक्सी'. पण वापरणाऱ्याला स्वतःच्या राउटरचं पोर्ट उघडावं लागे, आणि ते सामान्य माणसाला कुठलं जमायला?

पुढे व्हिडिओ कॉलसाठी वापरतात त्या वेबआरटीसीने ही अडचण सोडवली. त्यातून आलेला 'स्नोफ्लेक' जुलै २०२१ मध्ये टॉर ब्राउझरच्या मुख्य आवृत्तीत दाखल झाला. एक स्वयंसेवक लॅपटॉप मिटून झोपायला गेला, की त्याच्या जागी दुसरा जोडला जातो. पुलावरून जाणारा मजकूर मात्र दोघांनाही वाचता येत नाही. आणि अडवणाऱ्याने आज पत्ता अडवला, तर उद्या तो भलत्याच कुणाचा तरी असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराण पेटलं. सरकारने इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप अडवलं आणि तिथले स्नोफ्लेक वापरणारे झपाट्याने वाढले. त्यांच्या मदतीला होते अनोळखी लोकांचे उघडे ब्राउझर.

अर्थात ही जादू नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने पत्त्यांचा नाद सोडून स्नोफ्लेकची जोडणी करण्याची लकबच ओळखली. मग कोड बदलावा लागला. आणि सरकारने अख्खं इंटरनेटच तोडलं तर पत्ते कितीही बदला, उपयोग शून्य.

पण तोपर्यंत खर्चाचं पारडं फिरलेलं असतं. पूल चालवणाऱ्याला लागतो एक टॅब, अडवणाऱ्याला मात्र रोज नव्याने सगळं शोधावं लागतं.