जुनी नाणी आणि पांढरीची साक्ष

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की पाया उकरणे आलेच. ओट्याचे दगड हलतात, अनेक पिढ्या न हललेली माती वर येते आणि तिच्याबरोबर कधी खापरी, कधी मणी, तर कधी हिरवे पडलेले एखादे नाणेही वर येते. मग गावात कुजबुज सुरू होते. ‘खाली हंडा असला पाहिजे’ ही त्यातली जुनी, आणि ‘यंत्र आणून पाहावे’ ही अलीकडची. हे यंत्र म्हणजे धातुशोधक, लोकांच्या बोलण्यातला मेटल डिटेक्टर. मूल आणि आसपासच्या वनप्रदेशात जुनी नाणी कोठे आढळू शकतात, तेथेच का आढळतात आणि आढळल्यास गावकऱ्यांचे कर्तव्य काय, याचा विचार अशा मंगल प्रसंगी करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे चुलीची राख, शेण, चुना आणि पडलेल्या भिंतींची माती एकावर एक साचून वस्तीची जागा उंच व पांढुरकी होते. जुनी नाणी आढळण्याचे पहिले ठिकाण ते हेच. गाव उठून गेले तरी पांढरी राहते. अशा उठलेल्या गावाला आपल्याकडे रिठ म्हणतात. जंगलात ओळीने उभी असलेली चिंचेची झाडे, बुजलेली विहीर, खापऱ्यांचा सडा आणि मोठ्या आकाराच्या विटांचे तुकडे दिसले की तेथे कधीकाळी वस्ती होती असे समजावे.

दुसरे ठिकाण म्हणजे जुन्या बाजाराची जागा आणि नदीचे उतार. बाजारात नाणी हातातून निसटत, तर नदी ओलांडताना ती भक्तिभावाने पाण्यात सोडली जात. वैनगंगा, उमा आणि अंधारी या नद्यांच्या काठचे जुने मार्ग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. तिसरे ठिकाण म्हणजे तलावाची पाळ आणि देवळाचा परिसर. याखेरीज एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पांढरीची माती खताप्रमाणे शेतात टाकण्याची चाल जुनी आहे. त्यामुळे धानाच्या बांधीत सापडलेले नाणे मूळचे तेथलेच असेल असे नाही; ते मातीबरोबर गाडीतून आलेले असू शकते. पहिल्या पावसाने माती धुऊन निघाली की असे नाणे उघड्यावर पडते.

सुटी नाणी हरवलेली असतात, हंड्यातली मात्र मुद्दाम पुरलेली असतात. पेढ्या आणि बँका नव्हत्या तेव्हा घरातील जमीन हीच तिजोरी होती. चांद्याचे गोंड राज्य १७५१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांकडे गेले. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडींनी हा मुलूख त्रस्त झाला. १८१८ साली इंग्रजांनी चांद्याच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला. अशा धामधुमीत चुलीशेजारी किंवा भिंतीच्या पायाशी मडके पुरून माणसे जीव वाचवण्यासाठी निघून जात. मडके सापडते याचा अर्थ पुरणारा परत आला नाही. हंडा पाहून हरखून जाणाऱ्याने त्यामागचे हे दुःखही विसरू नये.

या नाण्यांचे खरे मोल काय, हे आपल्याच भागाने दाखवून दिले आहे. १८८८ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तहसिलीत सातवाहन राजांच्या १८३ नाण्यांचा साठा मिळाला. पुढे १९३९ साली वऱ्हाडातील तऱ्हाळा या गावी, जे आज वाशीम जिल्ह्यात आहे, सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, शिसे व कथील यांच्या हिणकस मिश्रणाची. सराफाच्या तराजूत त्यांना किंमत नाही. परंतु नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांच्यावरील ब्राह्मी अक्षरे वाचली, तेव्हा पुराणांच्या वंशावळीत ज्यांचा उल्लेख नाही असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे राजे उजेडात आले. सतराशे वर्षांहून अधिक काळ विस्मृतीत गेलेली नावे एका मडक्याने परत दिली. तीच नाणी वितळवली असती, अथवा दहा जणांनी दहा वाटांनी नेली असती, तर ती नावे कायमची गेली असती.

आता यंत्राविषयी. त्यातील वेटोळ्यातून सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. धातू असेल तर त्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि यंत्र आवाज देते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असा प्रयोग केला होता, पण तो फसला. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधण्यासाठी या यंत्राचा उपयोग झाला. गडचिरोलीच्या जंगलातील लोकांनी ते पोलिसांच्या हाती याच कामासाठी पाहिले आहे. सुट्या नाण्याचा माग ते साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच काढू शकते. शिवाय आपल्या भागात लोहयुक्त दगड व माती पुष्कळ. तेथे यंत्र वारंवार फसवा आवाज देते. तुटका फाळ, बैलाची नाल आणि मोहोर यांतील फरक ते खात्रीने सांगत नाही. पांढरी ओळखणारा म्हातारा आणि तलाठ्याकडील जुना नकाशा यांच्याकडून जागेची जी माहिती मिळते, ती यंत्राकडून मिळत नाही.

यंत्र वापरूनही विवेक कसा राखावा, याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. १९९२ साली होक्स्ने या खेड्यात शेतात हरवलेला एक हातोडा शोधण्यासाठी एका वृद्ध गृहस्थाने हे यंत्र फिरवले. त्याला सोन्याचांदीची नाणी लागली. थोडी वर काढताच मोठा साठा आहे हे त्याने ओळखले, खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो साठा जागच्या जागी तपासून उचलला. रोमन काळातील सुमारे पंधरा हजार नाणी होती. कोणती वस्तू कशाला लागून ठेवली होती, पेटी केवढी होती, हेही त्यामुळे समजले. शोधणाऱ्याला व शेतकऱ्याला बक्षीस मिळाले. हातोडाही सापडला आणि तोही संग्रहालयात आहे.

आपल्याकडेही कायदा स्पष्ट आहे. १८७८ च्या निखातनिधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ठेवा बेवारस ठरला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास एक चतुर्थांश असा वाटा कायद्याने सांगितला आहे. सरकारला तो हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन घेता येतो. लपवणाऱ्याचा मात्र वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय खणणे हाही गुन्हाच आहे. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे.

तरीही विदर्भातील ओसाड देवळांत रात्री खड्डे खणले जातात, नंदी उलथवला जातो, पिंडी सरकवली जाते. बहुधा हाती काहीच लागत नाही. देऊळ मात्र कायमचे खचते. ज्या गावाने वर्गणी गोळा करून, श्रमदान करून देऊळ पुन्हा उभे केले, त्या गावाला ही हानी किती मोठी आहे हे सांगावयास नको.

तेव्हा पाया खणताना काही आढळल्यास काम क्षणभर थांबवावे. वस्तू घासूपुसू नये, चिंचेने उजळू नये. जागा, खोली आणि दिवस लिहून ठेवावा, चार प्रतिष्ठित माणसांसमक्ष पंचनामा करावा आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. नाणे उचलले तरी त्याचा दुसऱ्या नाण्यांशी आणि त्या मातीशी असलेला संबंध लिहून राहिला पाहिजे, कारण इतिहास त्या संबंधातून वाचला जातो. आपल्या पांढरीचे पान अजून पुरते वाचले गेलेले नाही. ते फाटू न देणे हीसुद्धा जीर्णोद्धाराइतकीच मोलाची सेवा आहे.